मेलेल्याची ड्युटी

ओमाण्णा, रविवारी गेटवर तू विचारलंस, कसं काय गा चाललंय,
मी म्हटलं, मजेत.
उस्ताद मागं उभा होता म्हणून.

आता ऐक.
चारला उठवतात. चार म्हणजे साडेतीन.
कॅम्पातलं धुकं आपल्या शिवारातल्यासारखं न्हाई,
ते पण फॉल-इन होऊन उभं असतंय.
ज्या मगात चहा, त्याच मगात दाढीचं पाणी,
आणि दाढी तर मला अजून धड आलीच न्हाई,
तरी रोज ब्लेड फिरवायचं. हुकूम.
बूट असा चमकवायचा की तोंड दिसलं पाहिजे.
तोंड दिसलं की उस्ताद म्हणतो,
हे तोंड असं का?

पण रगड्याचं सोड.
रेंजवर पालथं पडलं की
समोर राजहंसगड दिसतोय.
गडाखाली येळ्ळूर, येळ्ळुरात आमचं घर.
माझ्या शेजारचा साताऱ्याचा पोरगा घर आठवून रडतो,
त्याचं घर लांब तरी आहे, रडायला जागा आहे.
माझं इथनं दिसतंय.
दिसणाऱ्या घरासाठी कसं रडायचं, सांग.

शनिवारी हॉलमध्ये पिक्चर लावतात.
लढाईचाच.
हलवायाला दिवसभर लाडू वळायला लावायचं
आणि रात्री ताटात लाडूच.
परवाच्या पिक्चरातल्या कॅप्टनचे केस कॉलरपर्यंत,
आमच्या न्हाव्यानं बघितलं असतं तर
पडदा भादरला असता.
पाच गोळ्या लागल्यावर तो अकरा मिनिटं बोलला.
मी घड्याळ लावलं होतं.
आमच्यात तोंड उघडलं की वीस दंड.
आणि कुठल्याच पिक्चरात कुणी पातेली घासत न्हाई गा,
कुणाच्या टाचेला फोड न्हाई,
संडासाची रांग न्हाई.
दुश्मन तेवढा वेळेवर येतो.

एक कानडी पिक्चर मातर बरा होता.
त्यात एक शिपाई रजेचा अर्ज लिहितो, फाडतो,
परत लिहितो.
बास. एवढंच.
पोरं घोरायला लागली.
मी जागा होतो.
शाळेतल्या कानडीत बसेल तेवढं कळलं,
न बसलेलं जास्त कळलं.
हे चौकात बोलू नको,
उगीच कुणीतरी बोर्ड घेऊन उभं राहील.

आणि मग ती शूटिंगवाली मंडळी आली.
त्यांना चाळीस मेलेले पाहिजे होते.
जिवंत त्यांनी मुंबईहून आणले होते, गोरे गोरे.
एक पोरगी यादी घेऊन फिरली,
माझ्या पाठीवर खडूनं रेघ मारली,
म्हणाली, बॉडी नंबर सतरा.
वलं गवत, मानेवर मुंगळा.
मी जरा खाजवलं तर ती आली, वाकली,
हळू म्हणाली, हलू नका, तुम्ही मेलाय.

सहा महिन्यांत
पहिल्यांदा कुणीतरी मला तुम्ही म्हटलं.

खरं सांगू, मला झोप लागली.
भर दुपारी, तीन तास, वरच्या हुकमानं.
साहेब म्हणाले, सतरा नंबर एकदम झकास.
उस्ताद काहीच म्हणाला न्हाई, नुसता बघत राहिला.
एवढी चांगली ड्युटी मला परत मिळालेली न्हाई.

तू म्हणालास, ट्रेलर आलाय,
कारखान्यातनं सुटल्यावर घरी जाऊन
आईला फोनवर दाखवलास.
दीड सेकंद आहे मी.
तोंड मातीत, मानेवरचा तीळ तेवढा वर,
आणि तो केसाळ कॅप्टन मला ओलांडून पळतो.
ओळखलं काय, विचारलं मी.
म्हणालास, लगेच.
रडली काय?
न्हाई.
हातातली भेंडी खाली ठेवली,
पदरानं बोट पुसलं
आणि मला हलवून उठवायला गेली,
तर पिक्चर थांबला.
परत बोट लावलं, परत चालू झाला.
मग तुझ्यावरच खेकसली:
वलीत झोपलंय बघ कसं,
तितं सांगणारं कुणी न्हाई काय?